शनिवारचा धूर आणि आमची खिडकी

खिडकी बंद करा, असं मला आजवर चौघांनी सांगितलं. कंपनीच्या मॅनेजरनं, प्रदूषणाच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी, पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलानं, आणि ज्यांच्यासाठी ती उघडी ठेवायची त्या माझ्या नवऱ्यानं. चौघांनाही मी एकच उत्तर दिलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी जन्मभर मास्तरीण होते, त्यामुळे शिवी न वापरता शिवी कशी द्यायची ते मला चांगलं येतं.

नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. यवतमाळच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि गुजरात गाठायचं, कधी त्याहून लांब. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, बरीच वर्षं फुलसावंगीकडे. मास्तरीण आणि ड्रायव्हर ही जोडी पचायला नातेवाइकांना वेळ लागला, आम्हाला लागला नाही. पुढे शहराच्या कडेला एका लेआऊटमध्ये घर बांधलं. खाली भाडेकरू, वर आम्ही, कारण वर वारा लागतो. तोवर यांच्या छातीनं संप पुकारला होता. जिन्यात मध्येच थांबायचं, बोलताना वाक्य अर्ध्यात सोडायचं, उरलेलं मी पूर्ण करायचं. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला, बिडी सोडायला लावली आणि सांगितलं, हवेशीर खोलीत ठेवा. बंद खोलीत त्यांचा जीव घाबरा होतो. म्हणून मागची खोली त्यांची आणि तिच्या खिडकीला लावलेली बाजही त्यांची.

त्या खिडकीमागं जिनिंगचं एक जुनं गोदाम, गेट आमच्याच गल्लीत, वर्षानुवर्षं ओस पडलेलं होतं. एका खासगी कंपनीनं ते घेतलं आणि आत डेटा सेंटर केलं. हे काय असतं म्हणून मी मॅनेजरलाच विचारलं. बाहेरगावचा, तरुण, बोलायला गोड मुलगा. म्हणाला, बँकांचे हिशेब, दवाखान्यांचे रिपोर्ट, लोकांचे फोटो, सगळं या मशीनांत साठवलेलं असतं, वीज एक क्षणही जाऊन चालत नाही. यवतमाळात राहून वीज जाऊन चालत नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यासाठी त्यांनी जनरेटर आणला आणि आमच्या भिंतीला लागून एक बुटकी पत्र्याची खोली बांधून तिच्यात ठेवला. खोलीच्या छपरातून धुराचा पाइप वर काढला. तो जिथं संपतो तिथंच आमची खिडकी सुरू होते.

लाइन गेली की जनरेटर चालू होणार हे समजू शकते. पण दर शनिवारी लाइन असतानाही तो चालवायचे, ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून. थंड मशीन चालू झालं की आधी काळा भपकारा यायचा, मग निळसर धूर, आणि पश्चिमेचा वारा तो सगळा आमच्या खोलीत आणून ओतायचा. बाजेवर बसलेला माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून खांदे वर उचलायचा आणि हवा ओढत राहायचा. मी टॉवेल ओला करून खिडकीत धरायचे. दुसरं काय करणार?

मी तक्रार केली तर आधी घरातूनच विरोध. "तू कायले त्या पोराच्या मागं लागून राह्यली? खिडकी लावून घे. डिझेलच्या धुरावरच पोट भरलं आपलं," हे म्हणाले. मी म्हटलं, पोट भरलं तेव्हा गाडी तुम्ही चालवत होता, आता गाडी तुमच्यावरून चालली आहे. यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मॅनेजरनं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सर्टिफिकेट दाखवलं. सगळं नियमात होतं. माझा विश्वास बसला नाही, म्हणून मी प्रदूषणाच्या ऑफिसात गेले. तिथून एक साहेब आले, पाइपात नळी घालून यंत्रावर धूर मोजला, फितीनं उंची मोजली. ते माणूस म्हणून भले होते, म्हणून मला जास्तच राग आला. वाईट माणसाशी भांडणं सोपं जातं. त्यांनी मला समजावून सांगितलं की पाइपाची उंची ज्या खोलीत जनरेटर आहे तिच्या छपरापासून मोजतात. शेजारच्या घरापासून नाही. त्या बुटक्या छपरापासून जेवढा हवा त्याहून हा पाइप थोडा जास्तच होता.

"मॅडम, नियमात बसतंय," ते म्हणाले.

"नियमात बसत असेल. माझा नवरा खिडकीत बसतो."

त्यांनी फीत गुंडाळली. कंपनीला सल्ला देतो म्हणाले, हुकूम देता येणार नाही. जाता जाता हळूच म्हणाले, तेवढा वेळ खिडकी लावून घेत जा.

सल्ल्याचा परिणाम एवढाच झाला की कंपनीनं गल्लीची मीटिंग बोलावली. टेस्टिंग कोणत्या वेळी केलेलं तुम्हाला सोयीचं, ते सगळ्यांनी मिळून सांगा. झालं! एकीच्या घरी सकाळी पूजा, दुसरीचं लेकरू दुपारी झोपतं, तिसरीला संध्याकाळ नको. सगळे आपसातच भांडायला लागले. मॅनेजर हसत म्हणाला, आधी तुमचं एक ठरू द्या. मला राग आला की माझी मास्तरिणीची भाषा गळून पडते.

"एक तास मले असा सांगा," मी म्हटलं, "ज्या तासात माणसानं श्वास नाही घेतला तरी चालते. त्या तासात लावा तुमची मशीन."

मीटिंग तिथंच संपली. दोन दिवसांनी मॅनेजर घरी आला आणि म्हणाला, काकू, कंपनी तुमच्या मागच्या खोलीत एसी बसवून देईल, फुकट. खिडकी बंद, धूर बंद. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, घे ना, नाहीतर दोघं इकडे निघून या. पुण्याचं नाव निघालं की यांचा चेहरा उतरायचा. "तिथं सातव्या माळ्यावर मी काय करू? कबुतर होऊन बसू?" खिडकी बंद झाली तर इथं राहणं जमणार नाही, आणि इथून नेलं तर हा माणूस तिथं नुसता भिंती पाहत संपेल, हे मला कळत होतं. त्यामुळे माझ्यासाठी प्रश्न धुराचा नव्हताच, या माणसाचा होता.

मी मॅनेजरला विचारलं, "लाइन गेली की तुमचा जनरेटर चालू होतो ना?"

"हो काकू."

"आणि लाइन गेली की आमचा एसी?"

शनिवार सोडला तर ज्या वेळी धूर, नेमका त्याच वेळी एसी बंद. एवढं शिकलेल्या पोरांनी मिळून काढलेला हा तोडगा! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

उन्हाळा लागला. आमची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी, म्हणून कुरड्या, पापड, सरगुंडे, सगळ्यांचं वाळवण आमच्याकडेच असतं. आज हिच्या कुरड्या, उद्या तिच्या, आणि बाकीच्या हात लावायला. त्या शनिवारी भल्या सकाळी गव्हाचा चीक शिजवला, पांढऱ्या धोतरांवर कुरड्या घातल्या. गच्ची भरली आणि खाली जनरेटर चालू झाला. थोड्या वेळानं शेजारीण कुरड्यांवर वाकली. काळे कण. ती नखानं एक उचलायला गेली तर तो पसरला. गच्चीभर तेच. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, गाळायचा, आणि शेवटी ही काजळी.

माझ्या नवऱ्याच्या छातीसाठी जी गल्ली उठली नव्हती, ती कुरड्यांसाठी उठली. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण मी तो गिळला. भांडणाला माणसं लागतात, ती कशापायी आली हे विचारत बसलं तर एकटीच उरते मी.

"आता वाळवायच्या कुठी वो बाई?" शेजारीण म्हणाली.

"खाली," मी म्हटलं. "त्याईच्या गेटापाशी. तिथं नाही येत धूर, सगळा इकडंच येते."

पुन्हा गहू भिजला. चीक तयार झाला त्या दिवशी आम्ही कंपनीच्या गेटासमोर, रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत चादरी आणि धोतरं अंथरली आणि कुरड्या घालायला बसलो. ऊन चढलं तसा डिझेलचा टँकर आला. ड्रायव्हर खाली उतरला, आमच्याच भागातला दिसत होता.

"मावशी, उचला ना जराशा."

"ओल्या हायेत. उचलल्या की तुटते."

"मंग कधी वाळतीन?"

"ते उन्हाले विचार."

गेट उघडून मॅनेजर धावत आला. ऐन मे महिना, लाइनीचा लपंडाव चाललेला, जनरेटरची टाकी तळाला गेलेली. तो ड्रायव्हरला म्हणाला, कडेकडेनं हळू काढ. ड्रायव्हर त्याच्याकडे पाहतच राहिला. "अन्नावर चाक घालू? घरी मायले काय तोंड दाखवू साहेब?" त्यानं चपला हातात घेतल्या, चादरींच्या कडेकडेनं पाय सांभाळत पलीकडे गेला आणि कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसला.

मॅनेजरनं पोलिसांचं नाव काढलं. बोलवा म्हटलं, त्यांच्याही घरी कुरड्या होतात. मग त्याचा तोल गेला. "काकू, स्पष्ट बोलतो. काकांची छाती आमच्या धुरानं नाही गेली. ट्रक चालवून गेली. सगळ्या लेआऊटला माहीत आहे."

तो खोटं बोलला नव्हता. मलाही हे माहीत होतं, डॉक्टरांनी सांगायच्या आधीपासून. अंगाची आग झाली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज मात्र सरळ निघाला.

"खरं हाये. ज्याले न्यायची होती त्यानं ती नेली. पण उरली ती तुमची नाही. उरली त्यातला एक श्वासही मी तुमाले देत नाही."

तेवढ्यात आमच्या जिन्यावर चपला वाजल्या. हे उतरत होते, थांबत थांबत. आमच्या पुढच्या गॅलरीतून त्यांनी सगळं ऐकलं असणार. माझ्या मनात आलं, आता हे अडलेल्या गाडीची बाजू घेणार आणि चारचौघांत मला बोलणार. रस्ता अडवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत मला तोंडपाठ होतं. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. कुरड्यांच्या अगदी मध्यावर, दोन चादरींच्या फटीत, ते खुर्ची ठेवून बसले. बराच वेळ दम खात बसले. मग लिंबाखालच्या ड्रायव्हरला म्हणाले, "ज्वारीवरून नेली म्या गाडी. तुरीवरून नेली. शेतकरी मुद्दामच रस्त्यावर आडवी टाकते... फुकटात मळून होते." पुन्हा थांबले. "ओल्या कुरडईवरून नाही नेली कधी."

"नाही नेत काकाजी," ड्रायव्हर म्हणाला.

मॅनेजर बाजूला जाऊन फोनवर वरच्या साहेबांना समजावत होता. "सर, फूड आयटम है... नहीं सर, रोड पे... नहीं सर, हटा नहीं सकते, गीला है." आम्हाला हसू आवरेना. हे फोन दुपारपर्यंत चालले. ऊन कलायच्या आत त्यानं सगळ्या गल्लीसमोर शब्द दिला की पाइप आमच्या गच्चीच्याही वर जाईल आणि काजळी अडवायची जाळी बसेल. मी म्हटलं, ठीक आहे, ऐकलं. पण अजून पापड बाकी आहेत, मग शेवया आहेत, तेवढं ध्यानात असू द्या.

पावसाच्या आधी क्रेन आली आणि पाइप उभा राहिला. चारी बाजूंनी तारांनी ताणलेला, दिसायला अगदीच विद्रूप. धूर संपला असं मी म्हणणार नाही, तो आता आमच्या डोक्यावरून जातो. पुढं कुणाच्या तरी गच्चीवर उतरत असेल. उतरला तर त्यांनी माझ्याकडे यावं, कसं भांडायचं ते मी शिकवीन. यांची छाती काही बरी झाली नाही, होणारही नव्हती. पण पुण्याचा विषय आमच्या घरात निघत नाही आणि शनिवारी मी टॉवेल भिजवत नाही.

मागच्या शनिवारी जनरेटर चालू झाला आणि धूर नेहमीसारखा वर न जाता काळाकुट्ट होऊन खाली लोंबायला लागला. जाळी तुंबली असेल, काय असेल. खोलीत वास आला. मी मॅनेजरला फोन लावला, पण बाजेवरून यांनी हात पुढं केला. "दे इकडं."

मी फोन दिला.

"मी मागच्या खिडकीतून बोलून राह्यलो," हे म्हणाले. "धूर काळा येऊन राह्यला तुमचा. पहिले मशीन बंद करा, मंग..."

तिथं दम संपला. खांदे वर आले, गळ्याच्या शिरा ताणल्या. फोनमधून आवाज येत होता, "हॅलो? काका? हॅलो?" इतकी वर्षं अर्धं राहिलेलं वाक्य मीच पुरं करत आले, म्हणून मी फोन घ्यायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला सारला. थोडी हवा आत गेली तशी फोन तोंडाजवळ नेऊन ते म्हणाले, "फोन ठेवू नका. मी श्वास घेऊन राह्यलो."