भाऊंचा स्वतंत्र फोन

लिनक्सभाऊंनी सात वर्षं फोन निवडला. तेवढ्या काळात काळाचौकीच्या आमच्या चाळीत तीन लग्नं ठरली, लागली आणि त्यातलं एक मोडलंही. भाऊ मात्र अजून बॅटरीपाशीच अडलेले होते.

साधा फोन त्यांना चालणार नव्हता. लिनक्सवरचाच हवा, म्हणजे ज्याच्या आतल्या कारभारात कुठल्याही कंपनीला नाक खुपसता येणार नाही असा. माझ्या स्वस्तातल्या फोनकडे बघून ते म्हणत, "पैसे देऊन घरात हेर ठेवलायस तू." त्यांच्याकडे फुलस्केपवर पट्टीने आखलेला तक्ता होता. एका फोनची बॅटरी काढता यायची, पण ती दुपारपर्यंतच टिकायची. दुसरा वेगवान, पण त्यावरून बोललेलं समोरच्याला ऐकू जायचं नाही. तिसऱ्याला कॅमेरा बंद करायचं खास बटण होतं. कॅमेरा मुळात धड चालत नव्हता, पण तो बंद करण्याचं स्वातंत्र्य पूर्ण होतं. किंमत माझ्या चार फोनांएवढी. "स्वातंत्र्य स्वस्तात मिळत नाही रे," असं म्हणून भाऊ पुढच्या मॉडेलसाठी थांबायचे.

भाऊंच्या बायकोला, म्हणजे काकींना, या सगळ्यात फक्त नात बघायची होती. लेक कॅनडात, नात तिकडेच जन्मलेली, आणि भाऊंच्या जुन्या बटणांच्या फोनवर नुसता आवाज यायचा. "तुमचो फोन येयसर नातीचा लगीन होतला," असं त्यांना ऐकवून काकी रविवारी सकाळी आमच्याकडे येत आणि माझ्या हेरावर नात बघत. भाऊ तेव्हा बाहेर गॅलरीत पेपर वाचत. पान बराच वेळ उलटत नसे.

अखेर भाऊंनी तक्त्यातला तो तिसरा फोन घेतला. बघायला सगळा मजला जमला. फोन सुरू होईपर्यंत सगळ्यांचा चहा पिऊन झाला. पडद्यावर नात आली ती हिरवी, आणि तीही थांबत थांबत. आजी तिला दिसलीच नाही. काकी कपबशा उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्याकडे आले. "तुझ्यासारखाच एक घेऊन दे हिला. आणि कुणाला बोलू नकोस." तो हेर घरात आल्यावर त्यांनी त्याला चकलीच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. नातीपुरता बाहेर, बोलणं संपलं की आत. ही गंमत चाळभर मीच सांगितली. आता त्याची लाज वाटते, कारण सात वर्षांचा हट्ट बायकोसाठी एका रात्रीत सोडणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

भाऊंना जाऊन दीड वर्ष झालं. काकी अजूनही बोलणं झालं की फोन पदराने पुसून डब्यात ठेवतात. "ह्यांका आवडणा नाय," म्हणतात. डब्यातल्या फोनला कॉल लागत नाही, मग नात मला फोन करते, "काका, आजीला डबा उघडायला सांगा ना."

मी जाऊन सांगतो. दोघींचं बोलणं होईपर्यंत गॅलरीत उभा राहतो. निघताना डब्याचं झाकण नीट बसलंय ना, तेवढं दाबून बघतो.