निवळीमावशीचा चुना

निवळीमावशीचा हात आधी गालावर बसायचा, मग त्याच हाताने ती मलम लावायची. लढाईच्या दिवसांत मी दहिवलीत नवी सून म्हणून आले आणि पहिल्याच दिवाळीत करंज्या तळताना मनगट भाजून घेतलं. सासूबाईंनी त्यावर शेण थापून मला शेजारी धाडलं. मावशीने ते पाहिलं आणि मलाच सणसणीत ठेवून दिली. "कातडी हाय का भिंत?" मी रडत होते नि ती मनगट धुऊन फुंकर घालत होती. संध्याकाळी ती सासूबाईंचा समाचार घ्यायला आली, तेव्हापासून मला फार आवडू लागली.

तिचं मलम दोनच जिनसांचं. कळीचा चुना माठातल्या पाण्यात पडला की पाणी फसफसून उकळायचं. "आता तो रागात हाय, हाडापातूर जाईल," म्हणत ती सगळ्यांना लांब हाकलायची. दुसऱ्या दिवशी चुना तळाशी बसलेला असे आणि वर नितळ पाणी. ती निवळी. तिच्यात तेवढंच खोबरेल घालून ती घोटायला बसायची. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारं तेल नि पाणी लोण्यासारखं एकजीव व्हायचं. "निवळीत चुन्याचा अंश ऱ्हातो. तो तेलाचा थोडा साबण करतो, म्हणून मिसळतं," असं ती सांगायची.

पोशीरची चंद्रा लग्नाआधी आईबरोबर तिच्याकडे आली होती. पोरगी रंगाने काळी, म्हणून आईने बाजारातून रसकापराची पुडी आणली होती. ती सायीत कालवून तोंडाला लावायची होती. मावशीने पुडी परसात खड्डा खणून पुरली आणि आईच्या थोबाडीत मारली. "पारा हाय त्यात! आदी रंग उजळंल, मग दात हलतील. पोर उजवायचीय का पुरायचीय?"

चंद्राला दहिवलीतच दिलं. "काळी गळ्यात मारली" म्हणून नवरा तिला तुडवायचा. एकदा त्याने उलथनं तापवून तिच्या दंडावर डाग दिला, नंतर पाठीवर. मावशी मलम लावायची, कातडी धरली की आई पोरीला पुन्हा सासरी पोचवायची. मग एके सकाळी चंद्रा गळा भाजून आली. मलम लावता लावता मावशी थांबली. "मी बरी करते नि तो पुन्यांदा भाजतो. माजं मलम त्येच्याच कामाला येतंय गं." ती ढसाढसा रडली. चंद्राला मात्र तिने परत जाऊ दिलं नाही.

नवरा दिवसाढवळ्या कोयता घेऊन आला. मावशीने नुकताच माठात चुना टाकला होता. मी कुडावरून पाहत होते. त्याने चंद्राला केसांना धरून अंगणात फरफटवलं. मावशी आडवी गेली, तर त्याने कोयत्याने तिचा खांदा फाडला. तशीच मागे वळून तिने उकळत्या माठात लोटा बुडवला आणि त्याच्या तोंडावर फेकला.

तो गुरासारखा ओरडत लोळला. मावशीने त्याच्यावर घागरीमागून घागर ओतली. मग छातीवर गुडघा रोवून, स्वतःच्या खांद्यातलं रक्त त्याच्यावर गळत असताना, त्याला मलम लावलं. "आता कळली का रं कातडी?" त्याचा एक डोळा गेला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पोलीस आले तेव्हा ती म्हणाली, "व्हय, मीच टाकला." जाताना चंद्राला एवढंच सांगून गेली, "निवळी काढताना माठ हलवू नको." तुरुंगातच ती तापाने गेली.

माठ चंद्राने चालवला. तिने कधी कुणावर हात उगारला नाही. पण भाजलेली बाई दारात आली की मलमाची वाटी पदराखाली धरून ती आधी विचारायची, "कुनी भाजलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाटी बाहेर काढायची नाही.