वरातीची धून एक सूर खाली

नवी पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात दानेश्वरी डीटीपीचं काम करते. पत्रिकेतून नवरदेवाची एखादी आत्या गळली, तर आत्याबाई थेट तिच्या टेबलापाशी येऊन भांडतात. दानेश्वरी त्यांना चहा पाजते नि नाव ठळक अक्षरांत टाकून देते. राग म्हणून तिला येत नाही.

पण त्या आठवड्यात तिचंही हसू पळालं होतं. तिचे वडील सिद्धप्पा भवानी पेठेतल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. पुढचे दात गेले, कवळी आली आणि वरातीच्या धुनेतला सगळ्यात वरचा सूर चिरकायला लागला. त्यात ती धून सुरू होते एकट्या क्लॅरिनेटनं.

"धून एक सूर खाली घेतली तर जमंल तुला," बँडचे आबासाहेब मास्तर म्हणाले. "पर सगळ्यांचं नोटेशन नव्यानं लिवणार कोण? रविवारच्या वरातीला दुसरा माणूस आणतो. तू खुळखुळा धर."

उभा जन्म पहिल्या रांगेत वाजवलेला माणूस. घरी येऊन जेवलासुद्धा नाही.

"अप्पा, ते नोटेशनचे छापील कागद दुकानात आणा," दानेश्वरी म्हणाली. "कॉम्प्युटरकडून लिहून घेते."

"त्याला काय कळतंय संगीतातलं?"

"आणा तर खरं!"

नोटेशनचं सॉफ्टवेअर स्कॅन केलेल्या कागदावरचे सूर ओळखतं, वाजवून दाखवतं आणि सांगाल तितके वर-खाली करतं. दानेश्वरीनं कागद स्कॅन करून त्यात टाकले आणि बटण दाबलं. धून चार पावलं झोकात चालली, अन् मध्येच उचकी लागल्यासारखी उडाली. परत चालली, परत उचकी.

"ही वरात हाय का माकडांची मिरवणूक?" सिद्धप्पा म्हणाले.

दानेश्वरीनं मूळ कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. दर खंडेनवमीला वाद्यांबरोबर हे कागदही पुजलेले. रेघारेघांवर हळदीकुंकवाची बोटं! तिनं स्कॅन केलं होतं काळं-पांढरं. कुंकवाचे ठिपके काळे झाले आणि सॉफ्टवेअरनं तेही सूर समजून वाचले.

"अप्पा, तुमची भक्ती वाजतीय ही!"

सिद्धप्पा कवळी सांभाळत पोट धरून हसले. तिनं पुन्हा रंगीत स्कॅन केलं, लाल-पिवळं पुसलं, प्रत्येक वाद्याचं नोटेशन एक सूर खाली उतरवलं आणि मुळाशी ताडून छापून घेतलं.

संध्याकाळच्या तालमीला नवे कागद सगळ्यांना वाटून सिद्धप्पा पुन्हा पहिल्या रांगेत उभे राहिले. मास्तरांनी हात वर केला. सिद्धप्पांचा सूर एकटाच निघाला, चढत चढत त्या अवघड जागी पोचला आणि लखलखीत लागला. मग सिद्धप्पा तो सोडायलाच तयार होईनात. ट्रम्पेटवाले गाल फुगवून ताटकळले.

"आरं सोड की आता!" मास्तर ओरडले. "आमी बी वाजवायला आलोय! रविवारी असंच लांबवलंस तर नवरदेव घोड्यावरच म्हातारा हुईल!"

सिद्धप्पांना हसू फुटलं, सूर सुटला, आणि अख्खा बँड असा धडाडला की शेजारणी हातातलं काम टाकून दारात आल्या.