खुराड्यावरचं पोस्टर

प्रभादेवीला आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला डोरिसबायचं घर होतं आणि घराला टेकून तिचं खुराडं. नवरा ॲम्ब्रोज गिरणीत फिटर होता. तो गेल्यावर तिनं कोंबड्यांच्या आणि शिवणकामाच्या जोरावर मुलगी वाढवली. सकाळी लुगड्याच्या ओच्यातून अंडी घेऊन यायची, एकेक उन्हाकडे धरून बघायची आणि जरा शंका आली की ते अंडं परत ओच्यात टाकायची. आम्ही जातीनं प्रभू. मुंबईत आमच्या किती पिढ्या झाल्या हे आमचे अप्पा पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवत. डोरिसबायची माणसं त्याहून जुनी, पण ती कधी कुणाला सांगायला गेली नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, म्हणजे मला सगळंच कळत होतं. सत्तावनच्या जानेवारीत चार दिवस गार वारा सुटला. मुंबईची थंडी ती केवढी, पण आम्ही तेवढ्यावर मफलरी बाहेर काढतो. त्यात डोरिसबायची एक कोंबडी मेली. ऑफिसच्या रद्दीत मला कोंबडीपालनावरचं एक विलायती मासिक मिळालं होतं. खुराड्याला अस्तर लावून थंडी अडवावी, असं त्यात चित्रासकट दिलं होतं. कागद तर माझ्याकडे गठ्ठ्यानं पडला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीची पोस्टरं आम्ही मैद्याच्या खळीनं थेट दादरपर्यंत चिकटवत होतो, त्यातली बरीच उरली होती. रविवारी दुपारी खळीचं पातेलं घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो.

ती नको म्हणाली. मेलेली कोंबडी म्हातारी होती, इथल्या थंडीला कोंबडीची पिसं पुरतात, उलट वारा कोंडला तर ती आजारी पडते, असं तिनं मला समजावलं. खळीच्या वासानं घुशी येतील आणि खालच्या फळ्या जुन्या आहेत, हेही म्हणाली. फेब्रुवारीत, ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आत, तिच्या मुलीचं, ज्युडिथचं, लग्न होतं. जेवणावळीसाठी राखलेल्या कोंबड्या त्याच खुराड्यात होत्या. त्या गेल्या असत्या तर दुसऱ्या आणायची तिची ऐपत नव्हती.

मी ऐकत होतो, पण तिची नजर पातेल्यावरून पोस्टरांकडे गेली तेवढंच माझ्या डोक्यात बसलं. त्या दिवसांत आम्हाला जो तो एक तर आपला दिसे, नाही तर फितूर.

"थंडीचं राहू दे, डोरिसबाय," मी म्हणालो. "तुम्हाला मुंबई महाराष्ट्रात नकोच आहे, हे सरळ सांगा ना."

तिचा चेहरा उतरला. ज्युडिथ आतून बाहेर आली, तिला तिनं हातानंच थांबवलं. मग माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाली, "लाव, मनू. सगळी लाव."

आणि मी लावली. जाळीवर, फळ्यांवर, खाली जमिनीपर्यंत. ती पातेलं धरून शेजारी उभी राहिली. जाताना, बघा कसं शोभतंय, असंही मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ज्युडिथ मला बोलवायला आली. घुशींनी खळीसाठी खालचा कागद कुरतडला होता आणि कागदाबरोबर कुजकी फळीही. वरून सगळं कागदानं झाकलेलं, त्यामुळे घुशी आत शिरल्या ते भगदाड कुणाला दिसलं नव्हतं. दहांतली एक कोंबडी जिवंत होती, तीही लंगडी. डोरिसबाय राखेनं जमीन सारवल्यासारखी पुसत होती. मी भरपाईचं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, फडकं पिळायला पाणी आण. मी आणलं.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. पानात फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, होते आणि कोंबडीच्या जागी बटाट्याचा रस्सा. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं कोंबडीचं विचारलं, तेव्हा डोरिसबाय म्हणाली की यंदा थंडी फार पडली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तो रस्सा मी दोनदा मागून घेतला, कारण मान वर करायची माझ्यात हिंमत नव्हती. मला लाज वाटली. चूक झाली, तिची माफी मागतो, एवढं एक वाक्य बोलायला मी तीन वर्षं मुहूर्त शोधत राहिलो.

साठ सालच्या एक मेला वाडीत पेढे वाटले. डोरिसबायच्या वाट्याचा पुडा मी मुद्दाम स्वतः नेला, आज बोलायचंच असं ठरवून. तोवर ती अंगणातच भेटायची. खुराड्याच्या त्या सकाळनंतर तिच्या घरात मी पाऊल टाकलं नव्हतं; लग्नाची पंगतही बाहेर मांडवात होती. आत देव्हाऱ्यात मेरीची तसबीर होती, मेणबत्ती होती, आणि शेजारी भिंतीवर आमचं पोस्टर. खालची कड कुरतडलेली, वरची अक्षरं धडधाकट. खुराड्यावरून तिनं ते भिजवून सोडवलं असणार.

मला वाटलं, आजच्या आनंदात लावलंय. तसं मी बोलूनही गेलो.

"आज नाय रे," ती म्हणाली. "ज्युडिथच्या लग्नाआधीपासून आहे. परत कोणी विचारायला आलं, तर दाखवायला."

पेढा तिनं घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. पाठ केलेलं वाक्य मला तेव्हाही बोलता आलं नाही.