आमच्या लग्नाला पांपलमूसचा देव आला होता

लक्ष्मणला मी पसंत केलं होतं. त्यानं मला नव्हे, आणि घरच्यांनी तर नव्हेच नव्हे.

आज पहाटे तो गेला. माझा नवरा.

आणि दुपारपर्यंत आमच्या पुतण्यानं, दीपकनं, फेसबुकवर टाकलंसुद्धा: "काका-काकूंचा विवाह दोन्ही घरच्या थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने झाला."

काय बोलतोस रे? तू तेव्हा जन्मलाही नव्हतास!

खाली सगळ्यांनी हात जोडलेत. बरं. आता माझं ऐका. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांना माझी नात क्रिओलमध्ये सांगेल.

माझे बाबा इथं, या बेटावर, लॉंग माउंटनला उसाच्या मळ्यात सरदार होते, म्हणजे मजुरांवरचे मुकादम. लक्ष्मणचे वडील त्यांच्याच टोळीत ऊस तोडायचे.

शाळेत आम्ही एका वर्गात. मी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. सहावीनंतर मला घरी बसवलं, त्याला मळ्यात घातलं. विषय संपला.

मग साठ साली ते मोठं सिक्लोन आलं, चक्रीवादळ.

आमचा पत्रा उडाला, त्यांची झोपडी उडाली. सरदार काय नि मजूर काय, सगळे शाळेत येऊन पडलो. आमच्याच जुन्या वर्गात! आईनं मध्ये साखरेच्या गोण्यांचा पडदा लावला, आमच्याकडे कुणी बघू नये म्हणून.

पण डाळ पडद्याबाहेर मिळायची. वाढायला लक्ष्मण.

"तू पहिल्या बाकावरची ना? मास्तरांना आमची नावं सांगणारी?"

"आणि तू भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा."

"तुझ्यामुळेच ना!"

असा हसला की डाळ माझ्या हातावर सांडली. चांगलंच भाजलं. पण मेला रागच येईना. तिथंच माझं काय व्हायचं ते झालं.

घरं पुन्हा उभी राहिली आणि भेटायला निमित्त उरलं नाही. तो कशाला येतोय सरदाराच्या दारात? भित्रा होता. आज गेला म्हणून खोटं कशाला बोलू?

म्हणून मी बाबांकडे शेळी मागितली.

हो, शेळी. शेळी आली की गवत आलं, गवत आलं की विळा घेऊन मळ्याच्या कडेला जाणं आलं.

आई म्हणाली, "आयो! सरदाराची पोर गवत कापणार? लोक काय म्हणतील?"

"आणि शेळी उपाशी मेली तर काय म्हणतील?"

त्या शेळीइतकी खाऊन-पिऊन सुखी शेळी गावात दुसरी नव्हती.

शेवटी मळ्याच्या कडेला मीच विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

त्यानं आधी मागं वळून पाहिलं, कुणी येतंय का. "पारू, तुझे बाबा माझ्या बाबाचं काम काढून घेतील."

"दुसरं काम मिळेल. हो की नाही ते सांग."

घाबरला की तो क्रिओलमध्येच बोलायचा. "वी," म्हणाला, म्हणजे हो. "वी, पारू, वी."

बाबांनी माझ्यासाठी पोर्ट लुईचा एक क्लार्क बघून ठेवला होता. मी सरळ नाही म्हटलं. लक्ष्मणचं नाव सांगितलं.

त्यांनी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या लग्नात गोंधळ होणार नाही. आपल्या देवांना मी बोलावणार नाही."

आमच्याकडे लग्नाला गोंधळ लागतोच. आमचे पणजे जहाजानं इथं आले ते कोकणातून; गोंधळी उभा राहून तिथल्या एकेका गावच्या देवाला हाक मारतो, तेव्हा कुठे लग्न पुरं होतं. आणि गोंधळी सगळे बाबांच्या टोळीतले, नाहीतर त्यांच्या ओळखीतले. कोण येणार?

लक्ष्मणच्या वडिलांचं काम खरंच गेलं. ते मोंतान्य ब्लांशला भावाकडे गेले. बासष्ट साली तिथंच, अंगणात, लग्न लागलं. माझ्या घरचं एकही माणूस नाही.

अक्षता पडल्या आणि सासूबाई रडायला लागल्या. गोंधळ नाही, देव नाहीत, पोरांचं कसं व्हायचं?

मी उठले. मुंडावळ्यांसकट.

"मी बोलावते."

"बाई असून?" लक्ष्मणचे चुलते म्हणाले.

"तुम्ही बोलावता का? नाही ना? मग बसा."

उभी राहिले खरी, पण कोकणातल्या गावांची नावं घरात पुरुषांनाच शिकवलेली. मला एकही येईना. मग येत होती तीच घेतली, इथल्या गावांची. लॉंग माउंटनच्या आई, गोंधळाला ये! पांपलमूसच्या देवा, गोंधळाला ये!

सगळे खो खो हसले. पांपलमूसचा कसला आलाय देव!

लक्ष्मण हसला नाही. त्यानं तेलाचा रिकामा डबा ओढला आणि वाजवायला लागला. सगळ्या चुलत्यांसमोर. भित्रा माणूस तो!

मग सासूबाईंनी डोळे पुसून आपल्या माहेरच्या गावाला हाक मारली. मग त्यांच्या जावेनं. मग एकेक बाई आपापल्या गावाला बोलवायला लागली.

असं झालं आमचं लग्न.

बाबा शेवटपर्यंत आमच्या दारात आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं. पण पश्चात्ताप? एक दिवसही नाही.

तेव्हा दीपक, ते आशीर्वादाचं वाक्य काढून टाक. आज म्हणजे आज.

मघाशी धाकटे दीर येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, उद्या बायका दारापर्यंतच हं. पुढं आम्ही पुरुष जाऊ. पहिल्यापासून तसंच आहे."

भावोजी, असेल. मी येणार आहे. चितेपर्यंत येणार आहे. हात धरून अडवायचं असेल तर सगळ्या गावासमोर अडवा.

लक्ष्मण, सुखानं जा रे.

फक्त उद्या जरा हळू चाल. माझे गुडघे दुखतात.

तुझी पारू