भावजींचं सोवळं

माझ्या मावसबहिणीच्या यजमानांइतका कडक सोवळ्याचा माणूस त्या काळच्या कलकत्त्यात दुसरा नव्हता, आणि गंमत म्हणजे देवाधर्माशी त्यांचं काडीचंही देणंघेणं नव्हतं. भावजींचं सगळं सोवळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या डिस्कांसाठी. सत्तरच्या दशकातला कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं! त्याची माहिती ग्रामोफोनसारख्या सहा तबकड्यांच्या जाडजूड चळतीत असायची. ही चळत, म्हणजेच डिस्क, मशीनमधून काढून तिथे दुसरी बसवता यायची. वर कडीवालं प्लास्टिकचं झाकण. खोलीत शिरायचं तर चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले, अंगाला पावडर नाही, डोक्याला तेल नाही. एकदा मोठे साहेब सिगारेट ओढत आत आले, तर भावजींनी "सर, प्लीज, आउट!" म्हणत त्यांना दारापर्यंत पोचवलं.

मशीन सुरू झालं की कान लावून ऐकायचे. "आज हिचा घसा बसलाय रे, जरा दमानं घे," असं मला, त्यांच्या हाताखालच्या पोराला, बजावायचे. दर शुक्रवारी डिस्कची ताजी प्रत हावड्याच्या ऑफिसात ठेवायला स्वतः न्यायचे, फेरीबोटीतून, मांडीवर घेऊन. एकदा बोटीत शेजारी बसलेल्या बंगाली गृहस्थांना तो मिठाईचा डबा वाटला; त्यांनी कौतुकानं विचारलं, "दादा, की मिष्टी?" भावजी गंभीरपणे म्हणाले, "मिष्टी ना दादा, दुइ हाजार लोकेर चाकरी." गृहस्थ घाबरून लांब सरकले. पण ते खरंच होतं. दोन हजार माणसांच्या नोकरीच्या नोंदी त्या झाकणाखाली होत्या.

मला ती नोकरी भावजींनीच लावून दिली. बराकपूरला त्यांच्या घरी मी वर्षभर जेवलो, राहिलो. आणि मी काय केलं, ते ऐका.

एका शुक्रवारी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. गेल्या आठवड्याची प्रत हावड्याहून परत आणून तिच्यावरच भरलेली नवी प्रत टेबलावर तयार होती. एवढ्यात मशीन किंचाळायला लागलं. मला वाटलं, मशीनच बिघडलं असणार. म्हणून डिस्क उचलून शेजारच्या मशीनवर चढवली. तेही किंचाळलं! मग माझी अक्कल अशी पाजळली, की प्रत तरी चालते का बघू म्हणून ती मी पहिल्या मशीनवर चढवली. झालं. ओरखडा पडलेली डिस्क चांगलं मशीन बिघडवते आणि बिघडलेलं मशीन चांगली डिस्क ओरबाडतं, हे भावजींनी मला शंभरदा सांगितलं होतं. पाच मिनिटांत दोन्ही मशीनं आणि दोन्ही प्रती मी खलास केल्या.

साहेबांनी विचारलं, "डिस्क कोणी हलवली?" सुजलेला गाल धरून भावजी नुकतेच आत आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, सर." अगदी सहज म्हणालो. भावजी म्हणाले, "खोली माझ्या ताब्यात आहे. चूक माझी."

त्यांना स्टेशनरीच्या भांडारात बसवलं, आणि त्यांची खुर्ची मला दिली! मीही निर्लज्जासारखा तीत बसलो. बराकपूरला मात्र पाऊल टाकवेना. ताईनं सणासुदीला निरोप पाठवावा, मी ओव्हरटाइम सांगावा. असं चार वर्षं चाललं. भावजी जिन्यात भेटले की "बरा आहेस ना?" एवढंच विचारायचे.

ते निवृत्त होऊन नागपूरला निघाले, तेव्हा मी हावडा स्टेशनवर गेलो. गाडी सुटायला आली तेव्हा कुठे तोंड उघडलं. "भावजी, त्या दिवशी डिस्क मीच..."

"अरे, माहीत आहे की! मशीनची अवस्था बघूनच कळलं होतं. बायकोचा भाऊ तू, तुला कुठे पुढे करू?" मग खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. "त्या नोंदी काय, कागदांवरून सहा महिन्यांत परत भरल्या सगळ्यांनी. पण तू घरी यायचाच थांबलास रे. तुझी ताई दर रविवारी तुझ्यासाठी दोन पोळ्या जास्तीच्या लाटायची. रागावणार होतो का मी तुझ्यावर?"

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालत "नागपूरला येतो, नक्की येतो" म्हणत राहिलो. ते मान डोलावत होते. त्यानंतर भावजी नऊ वर्षं हयात होते. मी एकदाही गेलो नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!