जुळाऱ्यांच्या ओळखीच्या खुणा

ज्यांच्या बोटांतून माझे पहिले पुस्तक अक्षररूप झाले, त्या वृद्ध जुळाऱ्यांचे ऋण न फिटणारे आहे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षे सरली होती. मग छापखान्यात संगणक आला. मालक सज्जन, पण व्यवहाराला चोख. महिन्याभरात यावर एक निर्दोष पान काढा, नाहीतर आता विश्रांती घ्या, असे त्यांनी सांगितले.

शिकवण्याचे काम मालकांच्या लेकीकडे आले. जुळाऱ्यांचा हात सवयीने खिळ्यांच्या जुन्या खणांच्या जागी जाई आणि भलतेच अक्षर उमटे. ते हात टेकण्याच्या बेतात होते, तोच कळफलकाच्या वरच्या रांगेत & दिसला.

"हा तर आपल्यातला," ते म्हणाले.

मग धडा पोरीलाच मिळाला. लॅटिनमध्ये 'आणि'साठी दोन अक्षरांचा शब्द होता. पोथ्या उतरवणाऱ्यांच्या घाईत ती अक्षरे अशी बिलगली की पुन्हा सुटली नाहीत. प्राचीन पंडित ग्रंथातल्या विशिष्ट ओळींपाशी * हा तारा ठेवीत. # मध्ये वजनाच्या मापाची दोन अक्षरे आडव्या रेघेसह झिजून गेली आहेत. @ व्यापाऱ्यांच्या दरपत्रकांतला. त्याच्या जन्माविषयी मात्र जाणत्यांचेही एकमत नाही. त्या अनाम लेखनिकांचे भले होवो, असे जुळारी पुटपुटले.

"म्हणजे काका, घर नवं, भाडेकरू जुनेच," लेक म्हणाली.

त्या ओळखीने बोटांना धीर आला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी निर्दोष पान छापून निघाले. मालकांनी एक शब्द बदलून दुसरी प्रत मागितली, तर पडदा कोरा. जुळाऱ्यांनी छपाई होताच अख्खे पान एकेक अक्षराने पुसले होते. मालकांचा पारा चढला.

"छापून झालं की खिळे खणात परत सोडायचे," जुळारी शांतपणे म्हणाले. "नाहीतर उद्याच्या पानाला अक्षरं कुठून आणू?"

लेकीला हसू आवरेना. "काका, इथं अक्षरं संपत नाहीत हो."

त्यांनी चष्मा काढला. "संपतच नाहीत?"

खिळ्यांच्या तुटवड्यापायी किती पाने अडली होती, किती लेखकांची त्यांनी समजूत घातली होती. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग बसून त्यांनी तेच पान पुन्हा काढले, पहिल्याच्या निम्म्या वेळात. मालकांनी ते भिंग लावून तपासले.

"खुर्ची तुमचीच," ते म्हणाले.

आभार मानायलाही जुळारी थांबले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी दुसरे पान मागितले.